मीडचं आंबणं मध्येच थांबलं तर: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

मीड, म्हणजे मध आंबवून केलेलं मद्य, करणाऱ्यांची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच. मध, पाणी आणि यीस्ट एकत्र केलं, पहिले काही दिवस एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी पाण्याची झडप) जोरात बुडबुडत होता, मग एकदम शांतता. चाखून बघितलं तर अजून गोडच. आता आणखी यीस्ट घालू का?

नका घालू, निदान इतक्यात तरी नको. ही तक्रार घेऊन आलेली मीडं मी इतक्यांदा मार्गी लावली आहेत की माझा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो: हायड्रोमीटरचं, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता दाखवणाऱ्या काचेच्या तरंगत्या नळीचं, सुरुवातीचं रीडिंग किती होतं आणि आजचं किती आहे? साखर जितकी जास्त तितका हा आकडा मोठा. हे दोन आकडे हातात नसतील तर बाकी सगळं अंदाजपंचे. कारण ‘थांबलंय’ म्हणून आलेल्या मीडपैकी पुष्कळशी थांबलेली नसतातच. कुणाचं आंबून संपलेलं असतं, कुणाचं सावकाश चाललेलं असतं, आणि कुणाच्या झाकणाच्या फटीतून वायू निसटत असतो एवढंच.

लक्षणं

मीड खरोखर अडकलं असेल तर यांतली एकदोन लक्षणं तरी दिसतात:

- तापमान ठीक असूनही हायड्रोमीटरचं रीडिंग दोन आठवडे हललेलं नाही, आणि ते अपेक्षेपेक्षा बरंच वर आहे.
- यीस्ट तळाशी बसलंय, वरचं मीड निवळायला लागलंय, तरी चव गोडमिट्ट आहे. मधाच्या सुवासापेक्षा कच्च्या यीस्टचा वास पुढे येतो.
- सडक्या अंड्यांचा वास येतो. हा हायड्रोजन सल्फाइड. यीस्ट उपाशी असल्याची ती बहुतेक वेळा पहिली खूण असते.
- यीस्ट घालून ७२ तास उलटले तरी फेस नाही, बुडबुडे नाहीत आणि रीडिंगही तसंच आहे. हे अडकणं नाही, सुरूच न होणं आहे. त्याची कारणं वेगळी असतात, खाली येतीलच.

एअरलॉक शांत असणं हे लक्षण नाही. वर फेस नसणं हेही नाही, कारण मधात प्रथिनं फार कमी असतात आणि मीडवर बिअरसारखा जाड फेस टिकतच नाही.

आणि शोध पूर्ण होईपर्यंत हे मीड बाटल्यांत भरू नका. अडकलेलं मीड तापमान बदललं की महिन्यांनीसुद्धा पुन्हा जागं होतं. शँपेनमध्ये बाटलीतल्या दुसऱ्या आंबण्यासाठी लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर घालतात आणि तेवढ्याने बाटलीत सहा वातावरणांच्या आसपास दाब तयार होतो. तुमच्या मीडचं रीडिंग बाटलीत ०.०१० ने जरी उतरलं तरी जवळपास तितकीच साखर आंबलेली असते. शँपेनची बाटली या दाबासाठी घडवलेली असते, साधी वाइनची बाटली नसते.

झाकण, रबर आणि एअरलॉक

हे फुकटात होतं म्हणून आधी. एअरलॉकमध्ये पाणी आहे ना? झाकण हलकेच दाबा. एअरलॉकमधलं पाणी एका बाजूला सरकलं आणि तिथेच थांबलं तर झाकण घट्ट आहे. लगेच परत आलं तर कुठेतरी फट आहे आणि कार्बन डायऑक्साइड तिथून जातोय. प्लास्टिकच्या बादल्यांच्या झाकणांत हे सर्रास आढळतं. आंबणं जोरात चालू असेपर्यंत अशा फटीने मोठं नुकसान होत नाही, कारण वायू आतून बाहेरच ढकलला जात असतो. आंबणं मंदावल्यावर मात्र तीच फट हवा आत घेते, म्हणून ती बुजवा.

रीडिंग खरं आहे का?

हायड्रोमीटर नसेल तर इथेच थांबा आणि आधी तो आणा. त्याच्याशिवाय पुढचे बहुतेक उपाय अंदाजपंचे ठरतात.

असेल तर आधी साध्या पाण्यात तपासा. बहुतेक हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअसला बेतलेले असतात, तेवढ्या तापमानाच्या पाण्यात १.००० दिसायला हवं. आतली कागदी पट्टी सरकलेली असेल तर ते इथेच कळतं. नमुना गरम असेल तर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. ३० अंशांना हा फरक साधारण ०.००३ चा असतो.

मग नळीत मीड ओतून हायड्रोमीटर सोडा आणि अर्धा मिनिट नुसतं बघत राहा. मीडमध्ये भरपूर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. त्याचे मोहरीहून बारीक बुडबुडे काचेच्या दांड्याला आणि खालच्या फुगीर भागाला चिकटतात, एकेक करत जमत जातात आणि हायड्रोमीटर डोळ्यांदेखत वर उचलला जातो. १.०२० चं मीड १.०२४ दाखवू लागतं. दांडा चिमटीत धरून गर्रकन फिरवला की बुडबुडे सुटतात आणि हायड्रोमीटर पुन्हा खाली बसतो. त्या क्षणी वाचा. त्याहून बरं म्हणजे नमुना आधीच दोन पेल्यांत पाच-सहा वेळा उलटसुलट ओतून त्यातला वायू घालवा. सलग तीन वेळा ‘तेच’ आलेलं रीडिंग निव्वळ या बुडबुड्यांमुळे तेच आलेलं असू शकतं.

सुरुवातीचं रीडिंगसुद्धा खोटं असू शकतं आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे तळाशी न विरघळता बसलेला मध. वरच्या पातळ पाण्याचं रीडिंग घेतलं जातं, वहीत १.०७० लिहिलं जातं, आणि पुढे मध हळूहळू विरघळत गेला की सगळाच हिशेब बिघडतो. दुसऱ्या दिवशी रीडिंग चढलेलं दिसलं तर त्याचा अर्थ हाच. पडताळा सोपा आहे: १ किलो मध घेऊन पाण्यासकट एकूण ३ लिटर केलं तर रीडिंग १.०९७ च्या आसपास यायला हवं. वापरलेल्या मधाचं वजन आठवत असेल तर खरा आकडा मागाहूनही काढता येतो.

साखर मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरत असाल तर तो बाजूला ठेवा. अल्कोहोल तयार झाल्यावर तो खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवतो. तुमचं ‘अडकलेलं’ मीड निव्वळ या यंत्राने अडकवलेलं असू शकतं.

अडकलंय की संपलंय?

आता गणित. सुरुवातीच्या रीडिंगमधून आजचं वजा करा आणि १३१.२५ ने गुणा. येईल ते अल्कोहोलचं अंदाजे टक्केप्रमाण. १.१०० वरून १.००० ला आलेलं मीड म्हणजे १३ टक्क्यांच्या थोडं वर.

हा आकडा तुमच्या यीस्टच्या मर्यादेशी ताडून बघा. लॅलविन या ब्रँडची ७१बी आणि डी४७ ही यीस्टं १४ टक्क्यांच्या आसपास थकतात. ईसी-१११८ आणि के१-व्ही१११६ ही १८ पर्यंत जाऊ शकतात. बेकरीचं यीस्ट बऱ्याचदा १० टक्क्यांच्या आगेमागे मान टाकतं. समजा तुम्ही सढळ हाताने मध घालून १.१४० ने सुरुवात केलीत आणि ७१बी वापरलंत. १४ टक्के गाठायला ०.१०७ ची उतरण पुरते. म्हणजे हे मीड १.०३३ ला थांबलं तर ते अडकलेलं नाही, त्याचं काम झालं आहे. गोड लागतंय कारण तुम्ही तितका मध घातलात.

पोलंडमध्ये तर मीडचे प्रकारच मध आणि पाण्याच्या प्रमाणावरून ओळखले जातात. च्वुर्न्याकमध्ये एक भाग मधाला तीन भाग पाणी, त्रुयन्याकमध्ये दोन, द्वुयन्याकमध्ये एक आणि पुव्तोराकमध्ये फक्त अर्धा भाग. पुव्तोराकमधली सगळी साखर संपवू शकेल असं यीस्ट नाही. तिथे गोडी उरणं हेच अपेक्षित असतं आणि ते मीड वर्षानुवर्षं मुरवत ठेवतात. तेव्हा १.०४० हा आकडा पाहून घाबरण्याआधी आपण यांतलं नेमकं काय करायला निघालो होतो ते आठवून बघा.

जिभेलाही यातलं थोडं कळतं. संपलेल्या गोड मीडमध्ये गोडीमागून आंबटपणा आणि अल्कोहोलची ऊब येते, घोट गिळल्यावर तोंड बऱ्यापैकी मोकळं होतं. अडकलेल्यात गोडी पाकासारखी जिभेवर बसून राहते, मागे काही येत नाही आणि वर वायूची बारीक चुणचुण असते. अर्थात जीभ ही साक्षीदार आहे, न्यायाधीश हायड्रोमीटरच.

आणि सावकाश चाललेल्याला अडकलेलं म्हणू नका. चांगलं पोषण मिळालेलं मीड दोन ते चार आठवड्यांत उरकतं. नुसत्या मध-पाण्यावर सोडलेलं महिनोन् महिने घेऊ शकतं. आठवड्याला ०.००२ ने का होईना, उतरत असेल तर त्याला त्याचं काम करू द्या.

लेबलं वाचा

मीड सुरूच झालं नसेल तर गुन्हेगार बहुधा इथे सापडतो. फळांचा रस घातलाय? त्याच्या पाकिटावर पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेंझोएट आहे का बघा. नुसते ई २०२ किंवा ई २११ असे आकडेही असतात. हे पदार्थ यीस्टची वाढ रोखण्यासाठीच घातलेले असतात. फार थोडा रस असेल तर भरपूर तरतरीत यीस्ट त्यावर मात करू शकतं. अर्धं मीड रसाचं असेल तर तो प्रयत्न सोडून द्या.

दालचिनी आणि लवंग हे मसालेही यीस्टला दाबतात. लवंगेतलं युजेनॉल जंतुनाशक आहे. मसाल्याचं मीड करायचं असेल तर मसाले आंबणं उरकल्यावर घाला, चवही आटोक्यात राहते. आत्ता भांड्यात असतील तर काढून टाका.

पाण्यात क्लोरीन असेल तर रात्रभर उघडं ठेवल्याने किंवा उकळल्याने ते जातं. क्लोरामाइन मात्र तसं जात नाही, त्याला कॅम्पडेन गोळी (सल्फाइटची) लागते. गोळी आणि यीस्ट एकाच वेळी घालू नका, मध्ये २४ तास जाऊ द्या.

यीस्टच्या पाकिटावरची तारीखही बघून घ्या, आणि ते कसं भिजवलंत तेही आठवा. कोरडं यीस्ट साधारण ४० अंशांच्या पाण्यात १५ ते २० मिनिटं भिजवून, मग त्याचं आणि मधपाण्याचं तापमान १० अंशांच्या फरकात आणून घालायचं असतं. उकळत्या पाण्यात टाकलेलं यीस्ट मेलेलं असतं. त्याचा दोष मधावर ढकलू नका.

तापमान

खोलीचं नको, भांड्याचं मोजा. आंबताना उष्णता तयार होते, त्यामुळे भरात असलेलं मीड खोलीपेक्षा काही अंश गरम असतं. भर ओसरला की ते खोलीच्या तापमानाला उतरतं, आणि नेमकी तेव्हाच थंडी पडली तर यीस्ट गोळा होऊन तळाशी बसतं. आठवडाभर जोरात चाललं आणि एका रात्रीत थांबलं अशी गोष्ट ऐकली की मी आधी भांडं कुठे ठेवलंय ते विचारतो. दगडी फरशीवर, खिडकीखाली, दाराच्या वाऱ्यात, अशी उत्तरं येतात.

डी४७ ला १५ ते २० अंश मानवतात, त्यावर गेलं तर तिखट, सॉल्व्हंटसारखी चव येते. ७१बी १५ ते ३० मध्ये चालतं, ईसी-१११८ १० ते ३० मध्ये, आणि के१-व्ही१११६ त्याहूनही थोडं जास्त सोसतं. पण सोसतं म्हणजे तिथे चव चांगली होते असं नाही. बहुतेकांसाठी १८ ते २२ अंश हा बिनघोर पट्टा आहे.

थंडीने थांबलं असेल तर भांडं ब्लँकेटमध्ये गुंडाळा किंवा उबदार जागी हलवा आणि दिवसाला दोन-तीन अंशांनी वर न्या. झटक्यात गरम पाण्यात ठेवू नका. स्थिर १७ अंश हे दिवसा २४ आणि रात्री १४ पेक्षा कितीतरी बरे.

ढवळणं

निर्जंतुक केलेल्या लांब चमच्याने तळाचं यीस्ट वर आणा. तळात बसलेल्या यीस्टला भोवतालची साखर संपल्यावर वरची मिळत नाही, शिवाय विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्याला जाच करतो. ढवळण्याने दोन्ही सुटतात.

अगदी हळू सुरू करा. वायूने भरलेलं मीड एकदम ढवळलं किंवा त्यात कोरडी पूड टाकली तर सगळं उसळून छताकडे जातं. पूड घालायची असेल तर आधी ढवळून वायू काढा आणि पूड थोड्या पाण्यात कालवून मग ओता.

हवा आत जाऊ द्यायची की नाही हे मीड कुठवर आलंय यावर अवलंबून. एक तृतीयांश साखर संपेपर्यंत, म्हणजे १.१०० ने सुरू केलेल्या मीडसाठी साधारण १.०६७ पर्यंत, यीस्टला प्राणवायू हवा असतो. त्यातून ते पेशींच्या आवरणासाठी लागणारे स्टेरॉल बनवतं, आणि पुढे अल्कोहोल वाढल्यावर तगण्याची ताकद त्याच आवरणात असते. म्हणून त्या टप्प्यापर्यंत खळखळून ढवळा. त्यानंतर हवा म्हणजे ऑक्सिडेशन, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव. मग ढवळायचं ते बेताने, पृष्ठभाग न फोडता.

ढवळल्यावर ४८ तास थांबा आणि पुन्हा मोजा. बरीच मीडं इथेच चालू पडतात.

पोषण: खरं कारण बहुधा हेच

मधात साखर ८० टक्क्यांच्या आसपास असते, पण यीस्टला पेशी वाढवायला लागणारा नायट्रोजन जवळजवळ नसतो. द्राक्षाच्या रसात तो उपजत असतो, म्हणून वाइन अशी सहजासहजी अडत नाही. गडद रंगाच्या मधात खनिजं आणि नायट्रोजन थोडं जास्त असतं, फिक्या मधात नगण्य. ‘नुसतं मध-पाणी, बाकी काही नको’ हा हट्ट धरायला हरकत नाही, पण मग महिने मोजायची तयारी ठेवा.

इथे वेळेचं भान महत्त्वाचं. अल्कोहोल ९ टक्क्यांच्या खाली असेल तर पोषण देऊन मीड चालू होण्याची चांगली शक्यता असते. फर्मेड-ओसारखं यीस्टपासून बनवलेलं सेंद्रिय पोषक पहिली पसंती. डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, जोरदार आहे. लिटरला १ ग्रॅम घातलं तर साधारण २१० मिलिग्रॅम नायट्रोजन मिळतो, फर्मेड-ओमधून तेवढ्याच वजनात सुमारे ४०. पण सेंद्रिय नायट्रोजन यीस्ट जास्त कार्यक्षमतेने वापरतं आणि त्याने आंबणं बेफाम होत नाही. लिटरला अर्धा ग्रॅम द्या, दोन दिवस बघा, गरज वाटली तर पुन्हा अर्धा.

९ टक्क्यांच्या वर गेलं असेल तर डीएपी घालू नका. अल्कोहोलमुळे यीस्टला अमोनियम आत ओढून घेता येत नाही. ते मीडमध्ये तसंच राहतं, खारट चव देतं आणि नको त्या जंतूंना खाऊ घालतं. अशा वेळी बेकरीचं यीस्ट लिटरला एक ग्रॅम या बेताने थोड्या पाण्यात काही मिनिटं उकळून, थंड करून घाला. मेलेलं यीस्ट जिवंत यीस्टचं अन्न होतं, आणि त्याच्या पेशींची टरफलं आंबण्यात तयार झालेली विषारी फॅटी ॲसिड्स शोषून घेतात. स्वस्त आणि बिनधोक उपाय आहे.

खत म्हणून मिळणारं डीएपी वापरू नका, त्यातल्या अशुद्धी पोटात जाण्यासाठी नसतात. युरिया तर मुळीच नको. त्यापासून अल्कोहोलच्या सान्निध्यात इथाइल कार्बामेट तयार होतं, ते घातक आहे. खाद्य दर्जाचं मिळालं नाही तर उकळलेल्या यीस्टवर भागवा.

पुढच्या वेळी पोषण २४, ४८ आणि ७२ तासांनी आणि शेवटचं एक तृतीयांश साखर संपताना, असं चार हप्त्यांत द्या. अडकण्याचा त्रास बराचसा मुळातच टळतो.

आम्लता

मध स्वतःच आम्ल असतो, त्याचा पी-एच ४ च्या थोडा खाली. पण आम्लता सावरून धरणारी खनिजं त्यात कमी असल्यामुळे आंबणं सुरू झाल्यावर पी-एच झरझर घसरतो, कधी ३ च्याही खाली. ३.२ च्या खाली यीस्ट कुंथायला लागतं.

कागदी पट्ट्यांवर विसंबू नका. ३.० आणि ३.४ मधला फरक त्यांच्या रंगात ओळखू येत नाही आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. पी-एच मीटर ४ आणि ७ च्या द्रावणांत जुळवून घ्या, नमुन्यातला वायू घालवा, मग मोजा. मीटर नसेल तर कुणाकडून मागून आणा. फक्त अंदाजाने काही घालू नका.

खरोखरच कमी निघाला तर खाद्य दर्जाचं पोटॅशियम बायकार्बोनेट लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या हप्त्याने घाला, दरवेळी मोजा, आणि ३.५ च्या आसपास आलं की थांबा. फेस येईल, भांड्यात जागा ठेवा. यातलं पोटॅशियमही यीस्टच्या उपयोगी पडतं. खायचा सोडा पी-एच चढवतो खरा, पण सोडियमची खारट चव मागे ठेवतो. सुरुवातीलाच लिंबू पिळायची सवय असेल तर ती मोडा, आंबटपणा शेवटी चव बघून जुळवता येतो.

पुन्हा सुरू करणं

इथवर सगळं केलं, दोन आठवडे वाट पाहिली आणि काटा हलला नाही, तरच हे. वेळखाऊ आहे आणि हमी नाही. १३ टक्क्यांच्या वर गेलेलं मीड पुन्हा सुरू होणं दुर्मीळच.

नुसतं नवं पाकीट ओतून का चालत नाही? ताजं यीस्ट अल्कोहोल, आम्ल आणि उपासमार या तिन्हींत एकदम पडलं की बहुतांशी मरतं. त्याला सरावावं लागतं. आधी मीड गाळावरून दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. यीस्टची टरफलं मिळाली तर लिटरला पाव ग्रॅम घालून दोन दिवस ठेवा आणि पुन्हा वरचं काढून घ्या. पाच लिटरसाठी ईसी-१११८ किंवा के१-व्ही१११६ ची दोन पाकिटं, म्हणजे १० ग्रॅम, गो-फर्मसारख्या भिजवण्याच्या पोषकासह १०० मिलिलिटर कोमट पाण्यात भिजवा. २० मिनिटांनी त्यात तेवढंच मीड घाला. बुडबुडे दिसू लागेपर्यंत थांबा, त्याला काही तासही लागतात. मग जेवढं झालं तेवढंच मीड पुन्हा, आणि पुन्हा. जोर धरलेलं लिटरभर हाताशी आलं की उरलेल्या मीडमध्ये ओता. भांडं २० ते २२ अंशांना ठेवा.

दुप्पट करण्याची घाई केली तर सगळं वाया जातं. मधल्या एखाद्या पायरीवर बुडबुडे मंदावले तर तिथेच थांबा, पुढचं मीड घालू नका.

इथे थांबा

एकदा पुन्हा सुरू करून बघितलं आणि जमलं नाही, तर दुसऱ्यांदा करू नका. दर खेपेला हवा लागते आणि चव उतरते. त्यापेक्षा एखाद्या कोरड्या मीडमध्ये मिसळून गोडी जुळवा, किंवा गोड म्हणूनच स्वीकारून स्थिर करा. पोटॅशियम सॉर्बेट आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइट दोन्ही मिळून लागतात. सॉर्बेट चालू आंबणं थांबवत नाही, थांबलेलं पुन्हा सुरू होऊ देत नाही इतकंच. मेटाबायसल्फाइटशिवाय घातलं आणि मीडमध्ये लॅक्टिक जंतू असले तर ते सॉर्बेट खाऊन जिरॅनियमच्या पानांसारखा वास सोडतात, आणि तो वास काढता येत नाही.

वर केसाळ किंवा रंगीत बुरशी दिसली तर चाखू नका, ओतून द्या. व्हिनेगरचा वास येत असेल तर ते मीड म्हणून परत येत नाही, ते भांडं बाकीच्यांपासून दूर न्या.

बाटल्यांत भरून झालंय आणि बुचं वर सरकू लागलीत? गॉगल, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि बाटल्यांवर जाड टॉवेल. आधी थंड करा, दाब कमी होतो, मग एकेक उघडा. बाटल्या बऱ्याच असतील किंवा एखादी आधीच फुटली असेल तर खोलीत जाऊ नका आणि व्यावसायिक ब्रूअरचा सल्ला घ्या. मोठ्या पिंपांतून आंबवत असाल तर बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड खाली साचतो. तिथे वाकून डोकं घालणं जिवावर बेतू शकतं, दारं-खिडक्या उघडल्याशिवाय आत जाऊ नका. मीड पिऊन कुणाला उलट्या, गरगरणं किंवा दिसण्यात गडबड असा त्रास झाला तर थेट डॉक्टर.

आणि मीड ५०-१०० लिटर असेल किंवा एकाच पद्धतीने केलेलं पुन्हा पुन्हा अडत असेल, तर उरलेले प्रयोग सोडा आणि नमुना वाइन तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. ‘अडकलंय, बघा’ असं सांगू नका. यीस्टला वापरता येणारा नायट्रोजन, उरलेलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगवेगळं, पी-एच, मुक्त सल्फर डायऑक्साइड आणि व्होलाटाइल ॲसिडिटी (व्हिनेगरसारखी उडून जाणारी आम्लं), एवढ्या पाच चाचण्या नाव घेऊन मागा. यीस्ट आधी ग्लुकोज संपवतं आणि फ्रुक्टोज मागे ठेवतं. त्यामुळे अहवालात फक्त फ्रुक्टोज उरलेलं असेल तर मीड शेवटच्या टप्प्यावर अडलंय, आणि दोन्ही भरपूर असतील तर बिघाड पहिल्याच आठवड्यातला आहे. नमुना काठोकाठ भरलेल्या स्वच्छ बाटलीत, थंड ठेवून, शक्यतो त्याच दिवशी पोहोचवा. वाटेत आंबत राहिलेल्या नमुन्याचा अहवाल तुमच्या पिंपाबद्दल काहीच सांगत नाही.